राजा घोड्यावरून पडला, त्याची गोष्ट

परवा शनिवारी रात्री अडीच वाजता एक कोरियन सिरीयल संपवली आणि नेहमीप्रमाणे रविवारची सकाळ 'यातलं खरं काय आणि खोटं काय' हे शोधण्यात घालवली. ही माझी जुनी खोड आहे. घरचे वैतागतात. त्यांचं म्हणणं, सिरीयल बघ, रड, हस आणि झोप ना गपचूप! पण मला जमत नाही.

सिरीयल होती 2019 सालची 'रूकी हिस्टोरियन गू हे-र्योंग'. कोरियातल्या जोसोन राजवटीत, 19 व्या शतकाच्या सुरुवातीला, दरबारातल्या घडामोडी लिहून ठेवायच्या कामावर चार बायकांची नेमणूक होते. त्यातली एक आपली नायिका. मग राजवाडा, राजपुत्र, प्रेम, कारस्थान वगैरे सगळं साग्रसंगीत आहेच. पण माझं लक्ष नायक-नायिकेपेक्षा मागे बसून खाली मान घालून भराभरा लिहिणाऱ्या त्या कारकुनांकडे जास्त होतं. कारण ही सगळी मंडळी खरोखर होती. बायका नव्हत्या, पण पुरुष होते, आणि त्यांनी लिहिलेलं जवळजवळ पाचशे वर्षांचं बाड आजही शाबूत आहे.

आता थोडं मागे जातो. ही खोड मला लागली 'दे जांग गुम' या सिरीयलमुळे. 2003-04 ची, 54 भागांची, ली ब्योंग-हून दिग्दर्शक आणि ली यंग-ए नायिका. एक अनाथ पोरगी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात कामाला लागते, तिथल्या राजकारणात अडकून हद्दपार होते, बेटावर वैद्यकी शिकते, परत येते आणि चक्क राजाची वैद्य होते. कोरियन सिरीयल बघणाऱ्या निम्म्या लोकांची सुरुवात हिच्यापासून झालेली असते. माझीही. मला कुठूनतरी कळलं की जांग गुम ही खरी बाई होती. केवढा आनंद झाला! मग जरा खोदलं तेव्हा कळलं की मुदपाकखान्याचा भाग, म्हणजे जवळजवळ अर्धी सिरीयल, काल्पनिक आहे. ते जिन्नस चाखून ओळखणं, स्वयंपाकाच्या स्पर्धा, सगळं लेखिकेच्या डोक्यातलं. पदार्थ मात्र अस्सल: शाही पाककलेच्या जाणकार हान बोक-र्यो त्यासाठी सल्लागार होत्या. पण जांग गुम कधी राजवाड्यात स्वयंपाकीण होती याला काडीचा पुरावा नाही.

मला चक्क फसवल्यासारखं वाटलं. आणि मग प्रश्न पडला, की तिच्याबद्दल खरं किती आहे आणि ते कुठे लिहिलंय?

उत्तर एकच: 'सिल्लोक'. शब्दाचा अर्थ साधारण 'खरी नोंद'. जोसोन राजवटीचा पहिला राजा 1392 मध्ये गादीवर आला. तिथपासून 1863 पर्यंतच्या 25 राजांच्या कारकिर्दी यात आहेत. 472 वर्षं, 1893 खंड, सुमारे 5 कोटी चिनी अक्षरं (दरबारी लिखाणाची भाषा अभिजात चिनी होती, आपल्याकडे फारसी होती तशी). 1997 साली युनेस्कोने याला जागतिक स्मृतीच्या यादीत घेतलं.

आपल्याला बखर माहीत असते. बखर म्हणजे कुणीतरी, बऱ्याचदा घटनेनंतर खूप वर्षांनी, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली हकीकत. सिल्लोकचा कच्चा माल अगदी वेगळा होता. आमच्या भाषेत सांगायचं तर ती लॉगफाईल होती. दरबारात आठ कनिष्ठ अधिकारी फक्त याच कामाला. त्यांना म्हणायचे 'साग्वान' (आपल्या सागवानाशी संबंध नाही, पण तितकेच टणक). राजा कुणाला भेटला, कोण काय बोललं, राजा कुणावर चिडला, ते हजर राहून टिपायचं. शिवाय घरी जाऊन एक खासगी टिपण लिहायचं, त्यात स्वतःचं मतही द्यायचं. अमका मंत्री लाचखाऊ आहे, तमक्याने राजाची खुशामत केली, असं बिनधास्त.

ही टिपणं राजाला बघायला मिळत नसत. राजा वारल्यावर एक खास कचेरी उघडायची, सगळी टिपणं गोळा व्हायची, त्यावरून तीन मसुदे करत करत पक्का ग्रंथ तयार व्हायचा. मग मूळ टिपणं ओढ्यावर नेऊन पाण्यात धुवायची, म्हणजे कोणी काय लिहिलं होतं याचा माग राहत नाही आणि कागदही पुन्हा वापरता येतो. पुढच्या राजालाही आपल्या बापाचा ग्रंथ उघडायची परवानगी नाही. देशाचा सर्वेसर्वा, पण या एका फाईलवर त्याला रीड परमिशनसुद्धा नाही!

हे कागदावरचे नियम झाले. पाळले जायचे का? तर ऐका.

तिसरा राजा तेजोंग. सावत्र भावांना मारून सत्तेवर आलेला, महा कडक माणूस. 'सिक्स फ्लाइंग ड्रॅगन्स'मध्ये तरुणपणीचा हाच आहे. त्याला या लिहिणाऱ्यांचा मनस्वी कंटाळा. मिन इन-सेंग नावाच्या साग्वानाने पडद्याआडून डोकावून राजाच्या खासगी बैठकीची नोंद घ्यायचा प्रयत्न केला, तर 1401 मध्ये त्याला हद्दपार केलं. पुढे 1404 मध्ये तेजोंग शिकारीला गेला. हरणामागे घोडा फेकला, घोडा कोलमडला आणि महाराज खाली. लागलं नाही. उठून इकडेतिकडे बघत सोबतच्या लोकांना म्हणाला, की हे साग्वानाला कळू देऊ नका.

हे आपल्याला कसं माहीत? साग्वानाने लिहून ठेवलं म्हणून. राजा पडला हेही लिहिलं, आणि लिहू नका म्हणाला हेही लिहिलं :-)

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप हसलो, आणि मग जरा गप्प झालो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका प्रोजेक्टमध्ये मोठा गोंधळ झाला. रात्रभर सिस्टीम बंद. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. चूक कुठे झाली हे लॉगमध्ये स्वच्छ दिसत होतं, आणि ती एका वरिष्ठ माणसाच्या घाईमुळे झाली होती. मला कोणी धमकी वगैरे दिली नाही. फक्त 'ते एक वाक्य जरा सौम्य कर' एवढंच सांगितलं. मी केलं. त्यात माझा जीव जाणार नव्हता, फार तर अप्रेझल गेलं असतं. तरीही केलं.

त्या साग्वानांचा जीव मात्र जाऊ शकत होता, आणि गेलाही. 1498 साली योनसान नावाचा राजा गादीवर होता. त्याच्या बापाच्या कारकिर्दीचा ग्रंथ तयार होत असताना किम इल-सोन या साग्वानाच्या टिपणात एक मजकूर सापडला. किमचे गुरू किम जोंग-जिक यांनी लिहिलेला तो एक शोकलेख. वरवर जुन्या चिनी राजाबद्दल, पण रोख योनसानच्या पणजोबाने पुतण्याची गादी बळकावली त्यावर. विरोधी गटातल्या लोकांनी ही गोष्ट राजाच्या कानावर घातली. राजाने नियम धाब्यावर बसवून तो मजकूर मागवला. किम इल-सोनला ठार मारलं. गुरू आधीच वारले होते, तर त्यांची कबर उकरून प्रेताची विटंबना केली. कितीतरी विद्वान हद्दपार झाले. एका टिपणासाठी!

'गू हे-र्योंग'मध्येही एका मारल्या गेलेल्या साग्वानाचं लपवलेलं टिपण आहे, आणि त्याचं नाव आहे किम इल-मोक. कोरियन प्रेक्षकाला लगेच समजत असणार. मला मात्र ते रविवारी सकाळी समजलं.

बरं, योनसानचं पुढे काय झालं? 1506 मध्ये त्याला पदच्युत केलं. त्याच्या कारकिर्दीची नोंद झालीच, पण तिला 'सिल्लोक' म्हणत नाहीत, नुसती 'योनसानची रोजनिशी' म्हणतात. हाकललेल्या राजाला फाईलच्या नावातही बढती नाही.

उलट उदाहरण सेजोंगचं. हा तेजोंगचा मुलगा, कोरियन लिपी करणारा, तिथला सगळ्यात लाडका राजा. त्याला आपल्या बापाबद्दल काय लिहिलंय ते वाचायची फार इच्छा होती. 1431 मध्ये त्याने विचारलं. मंत्र्यांनी सांगितलं, की महाराज, आपण वाचलंत तर पुढचे राजेही वाचतील, आणि मग लिहिणारे घाबरून खरं लिहिणार नाहीत. सेजोंगने ऐकलं. 1438 मध्ये न राहवून पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. पुन्हा ऐकलं. लिपी तर थोरच, पण मला तो या दोन 'बरं, राहू दे' साठी जास्त आवडतो.

आता बॅकअपबद्दल लिहिलं नाही तर माझ्या नोकरीला बट्टा लागेल. सेजोंगच्या काळात ठरलं की ग्रंथाच्या चार प्रती चार ठिकाणी ठेवायच्या: राजधानीत आणि छुंगजू, सोंगजू, जोंजू या गावांत. 1592 मध्ये जपानी फौजा घुसल्या आणि चारापैकी तीन ठिकाणच्या प्रती खाक झाल्या. उरली फक्त जोंजूची. तिथल्या आन उई आणि सोन होंग-रोक या दोन म्हाताऱ्या विद्वानांनी पेट्याच्या पेट्या नेजांगसान डोंगरात हलवल्या आणि तिथे राहून पाळीपाळीने राखण केली. आज आपल्याकडे त्या आधीच्या दोनशे वर्षांचा सिल्लोक आहे तो या दोघांमुळे. युद्ध संपल्यावर नव्याने प्रती छापल्या, आणि आता अक्कल आल्यामुळे राजधानीतली एक सोडून बाकीच्या शहरांत न ठेवता डोंगरांत आणि बेटावर ठेवल्या. त्यातली ओदेसान डोंगरातली प्रत जपानी राजवटीत 1913 साली टोकियोच्या विद्यापीठात नेली आणि 1923 च्या भूकंपात तिचा बहुतेक भाग जळाला. वाचलेल्यांपैकी 47 पुस्तकं 2006 साली कोरियात परत आली. बाकीच्या प्रती होत्या म्हणून मजकूर गेला नाही.

सिल्लोक म्हणजे अगदी धुतल्या तांदळासारखा असंही नाही हां. शेवटी संपादन करणारे दरबारी गटातटांचेच. सोंजो या राजाचा ग्रंथ एका गटाने लिहिला. 1623 मध्ये सत्तापालट झाला, आणि दुसऱ्या गटाला त्यात आपल्या लोकांची बदनामी दिसली, म्हणून त्यांनी 'सुधारित' ग्रंथ केला. 1657 मध्ये तो पूर्ण झाला. पण जुना जाळला नाही! दोन्ही ठेवले. वाचणाऱ्याने दोन्ही बघावेत आणि ठरवावं. सत्ता हातात असताना विरोधकांची आवृत्ती जपून ठेवणं ही साधी गोष्ट नाही.

तर आता परत सिरीयलकडे. एवढं सगळं लिहून ठेवलेलं असताना सिरीयलवाल्यांना जागा कुठे उरते? उत्तर: दोन नोंदींच्या मधे.

1443 च्या शेवटी सिल्लोकमध्ये एक छोटीशी नोंद येते, की या महिन्यात राजाने स्वतः 28 अक्षरं तयार केली. बस्स. त्याआधी या कामाबद्दल काहीच नाही. एवढं मोठं काम, आणि रोज लिहिणाऱ्यांना पत्ता नाही? या गप्प बसण्यातून 2011 ची 'डीप रूटेड ट्री' उभी राहिली. सेजोंग लिपी गुपचूप का करत होता, कोणाला ती नको होती, राजवाड्यात खून कोण पाडतंय, 24 भाग. खून काल्पनिक, पण विरोध खरा: 1444 मध्ये विद्वानांनी लिपीविरुद्ध केलेला अर्ज सिल्लोकमध्येच आहे. 1609 मध्ये गांगवोन प्रांतात बऱ्याच गावांना आकाशात काहीतरी विचित्र चमकतं उडताना दिसलं अशी नोंद आहे. त्यावरून 2013 मध्ये 'माय लव्ह फ्रॉम द स्टार' आली: त्या दिवशी उतरलेला परग्रहवासी चारशे वर्षं कोरियातच राहतोय आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या नटीच्या प्रेमात पडतो. एका नोंदीचं एवढं भांडवल मी दुसरीकडे पाहिलं नाही.

आणि जांग गुम? तिच्या नोंदी 1515 ते 1544 च्या मधे, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या. 1515 मध्ये बाळंतपणानंतर राणी वारली, तेव्हा जांग गुमला शिक्षा करा म्हणून दरबाऱ्यांनी धोशा लावला आणि जुंगजोंग राजाने तो मानला नाही. 1522 मध्ये राजमाता बरी झाली म्हणून तिला तांदूळ आणि कडधान्य बक्षीस. 1524 मध्ये राजा म्हणतो, की हिचं ज्ञान बाकीच्यांपेक्षा चांगलं आहे. 1544 मध्ये राजा शेवटच्या आजारात आहे, मंत्री तब्येतीची चौकशी करतात, आणि तो सांगतो की माझं दुखणं त्या वैद्य बाईला ठाऊक आहे. त्यानंतर राजा वारला आणि जांग गुमही कागदावरून नाहीशी झाली. तिचं आडनाव, जन्म, मरण, नवरा, मूल, काही नाही.

दरबारातल्या बाकी लोकांचे वादविवाद पानंच्या पानं आहेत. हिला मात्र मोजक्या ओळी, त्यातही राजाच्या घरात कुणी आजारी पडलं किंवा वारलं म्हणून. स्त्री-वैद्यांची पद्धत 1406 साली सुरू झाली, म्हणजे त्या घोड्यावरून पडलेल्या तेजोंगच्याच काळात. कारण घरंदाज बायकांना पुरुष वैद्याने तपासणं चालत नसे. त्या कामासाठी मुली घेतल्या जात त्या सरकारी गुलामांमधून. अशा मुलीचं पूर्ण चरित्र कोण लिहिणार? लॉगमध्ये काय लिहायचं हे ठरवणारे आठही जण खानदानी पुरुष. त्यांनी खोटं लिहिलं नाही. त्यांना ती दिसलीच नाही.

'गू हे-र्योंग'ची कल्पना आली ती इथून. 1519 मध्ये, याच जुंगजोंगच्या दरबारात, कुणीतरी खरंच सुचवलं होतं की राजा अंतःपुरात असताना काय घडतं ते पुरुषांना टिपता येत नाही, तर त्यासाठी स्त्री-साग्वान नेमा. राजाने टाळलं. लिहिता येणाऱ्या बायका आता कुठे मिळतात वगैरे कारणं दिली. सिरीयल विचारते, की तेव्हा हो म्हटलं असतं तर? म्हणजे हे न घडलेलंसुद्धा नोंदीवरूनच आलेलं.

हे समजल्यावर माझा 'दे जांग गुम'वरचा राग गेला. मुदपाकखाना खोटा, पण त्या बाईला बालपण, आई, मैत्रीण, भूक, रुसवेफुगवे द्यायला दुसरा मार्गच नव्हता.

मग काहीही दाखवलं तरी चालतं का? कोरियन प्रेक्षक म्हणतो, नाही चालत. 2020 च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या 'मिस्टर क्वीन'मध्ये आजच्या काळातल्या एका शेफचा आत्मा राणीच्या अंगात शिरतो (बघा, धमाल आहे). त्यात सिल्लोकला उडवून लावणारं एक वाक्य होतं, म्हणजे हे तर निव्वळ गॉसिप, अशा अर्थाचं. तक्रारींचा पाऊस पडला, निर्मात्यांना माफी मागावी लागली, खऱ्या घराण्यांची नावं बदलावी लागली. मार्च 2021 मध्ये आलेल्या 'जोसोन एक्सॉर्सिस्ट'मध्ये तर तेजोंगला भ्रमात निरपराध लोकांची कत्तल करताना दाखवलं आणि जोसोनच्या मेजवानीत चिनी पदार्थ मांडले. जाहिरातदार पळाले आणि दोन भागांनंतर सिरीयल बंद! मला ही शिक्षा जरा जास्तच वाटली. भुताखेतांच्या गोष्टीला इतका हिशोब कशाला? पण त्यांची तडफड समजते. ज्यासाठी माणसं मेली ते बाड आज कोरियन भाषांतरासकट नेटवर फुकट शोधता येतं. तपासायची सोय असताना तुम्ही तपासलं नाहीत, हा राग आहे.

शेवटी पुन्हा एक घोडा. डिसेंबर 2021 मध्ये तेजोंगवरच एक नवीन मोठी सिरीयल सुरू झाली. तिच्यात त्याचा बाप घोड्यावरून पडतो असा प्रसंग आहे. तो चित्रित करताना घोड्याच्या पायाला दोर बांधून त्याला धावता धावता पाडलं, आणि तो घोडा आठवड्याभरात मेला. जानेवारी 2022 मध्ये चित्रीकरणाच्या वेळची क्लिप बाहेर आली, गदारोळ झाला, वाहिनीने माफी मागितली, प्रक्षेपण काही आठवडे थांबवलं. ती क्लिप बाहेर यावी असं तिथल्या कुणालाच वाटलं नसणार. पण कुणीतरी रेकॉर्ड केलं होतं.

असो. पुन्हा कधी रिपोर्ट लिहायची वेळ आली आणि कोणी 'जरा सौम्य कर' म्हणालं, तर मी काय करीन? साग्वान होईनच असं छातीठोकपणे सांगवत नाही. निदान एवढं तरी करावं म्हणतो: रिपोर्टच्या खाली एक ओळ, 'वरील वाक्य सौम्य करण्यास सांगण्यात आले'.

पुढच्या शनिवार-रविवारसाठी 'डीप रूटेड ट्री' सुचवतो. 24 भाग आहेत, सोमवारची सुट्टी आधीच टाकून ठेवा.